पांढऱ्या चादरीचा फोटो

१२ नोव्हेंबर

विहीणबाई,

नमस्कार. एरवी त्याच्याआधी मी 'सप्रेम' लिहितो. आज हात धजत नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

चित्र पोचलं. पुठ्ठ्याच्या नळीतून सुखरूप आलं, कुठे चुरगळलं नाही, त्याबद्दल आभार. जेवणाच्या टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि बघतच राहिलो. आमची ही हात पुसत आली, चित्राकडे बघितलं आणि म्हणाली, "हे काय, समुद्र का?"

विहीणबाई, तो गुलाब आहे. त्या तेजोमेघाला सगळे गुलाबच म्हणतात. मधोमध कोवळ्या ताऱ्यांचा झुबका आणि भोवती हायड्रोजनच्या पाकळ्या. तो वायू तापला की लाल उजळतो, त्यात माझी मर्जी चालत नाही आणि तुमचीही. गेला अख्खा हिवाळा मी पंपहाउसमागच्या शेडचं पत्र्याचं छप्पर ढकलून सरकवत होतो. काचेवर दव धरू नये म्हणून दुर्बिणीच्या गळ्यात गरम पट्टा बांधला आणि स्वतः टोपीवर टोपी घालून कुडकुडत बसलो. कधी ढग, कधी वारा, एकदा तर कुत्र्याने वायरच चावून ठेवली. पाच पाच मिनिटांचे शेकडो फोटो काढले आणि मेमरी कार्डावर घालून पोस्टाने तुम्हाला पाठवले, कारण इथल्या नेटवरून ते पाठवायचे तर आपला नातू कॉलेजात जाईल.

ही वाटणी तुमची-माझीच. पोरांचं लग्न ठरलं त्या दिवशी खाली मंडळी पाहुण्यांची यादी करत होती आणि वर तुमच्या गच्चीत आपण दोघं शनीची कडी शोधत होतो. तुमचं आकाश शहराच्या दिव्यांनी धुऊन निघालेलं, आणि माझं रंगाशी वाकडं. मग ठरलं: फोटो मी काढायचे, ते एकावर एक रचून त्यांतून चित्र आणि रंग तुम्ही काढायचे. चांगलं चाललं होतं की!

पण रंग म्हणजे हा? ही पांढरे कपडे निळीच्या बादलीत बुडवते, तसा तुम्ही गुलाब बुडवून काढलाय. मी एरवी बोललो नसतो. गेल्या वर्षीचं धनू राशीतलं चित्रही जांभळट होतं. तरी मी गप्प बसलो. मुलीची सासू आहे, मान राखला पाहिजे, असं म्हणून फोनवर 'वा, वा' केलं. पण हे चित्र जानेवारीत आपल्या खगोल मंडळाच्या प्रदर्शनात लागणार, खाली दोघांची नावं असणार आणि येणारा-जाणारा फिदीफिदी हसणार. माझ्या अख्ख्या थंडीचं मातेरं झालंय, विहीणबाई. रंग सुधारा, नाहीतर माझं नाव काढा.

आमच्या कन्येला यातलं काही सांगू नका. तिला मध्ये ओढायला नको.

आपला,
व्याही


२० नोव्हेंबर

व्याहीबुवा,

तुमचं पत्र मी आधी उभ्याने वाचलं आणि मग बसून, कारण तळपायाची आग मस्तकात गेली की मला उभं राहवत नाही.

मी कोण आहे याचा तुम्हाला विसर पडला असेल तर आठवण करून देते. दोऱ्याच्या कारखान्यात मी शेड मास्तर होते, रंगाच्या छटा पारखणारी. रंगखात्यातून रीळ निघालं की आधी माझ्या खिडकीत यायचं. मी ते उत्तरेच्या उजेडात धरायची, नमुन्याच्या पट्टीशी लावायची, आणि 'जाऊ दे' म्हटल्याशिवाय एक पेटी गेटबाहेर पडायची नाही. नुसत्या पांढऱ्याच्या आमच्याकडे अकरा छटा होत्या. खुद्द मालक येऊन म्हणायचा, "बाई, चालेल की." मी म्हणायची, "तुम्हाला चालेल. शर्टाला नाही चालणार." आणि आता एक निवृत्त पाणीपुरवठेवाले, ज्यांना स्वतःच्या लेकीच्या लग्नात शेरवानीचा रंग 'तपकिरी की काय तो' एवढाच सांगता आला, ते मला रंग शिकवणार!

लाल, लाल काय लावलंय? कुणी पाहिलाय तुमचा लाल? डोळा दुर्बिणीला लावून बघा, गुलाब तुम्हाला राखाडी धुरासारखा दिसेल, तोही नशीब असेल तर. रंग कॅमेरा गोळा करतो आणि तो किती वर काढायचा हे रंगवणाऱ्याने ठरवायचं असतं. आणि खरं सांगू? तुमचे फोटोच मुळात पिवळट येतात. त्यांत निळं कमी पडतं. ते मी बसून भरून काढते, वर ऐकूनही घेते.

त्यात माझा स्क्रीन जुना. पार पिवळा पडला होता, त्याचाही अंदाज धरावा लागायचा. शेवटी मुलाला सांगून नवा मागवला, तर तोही तसाच पिवळा निघाला. हल्ली वस्तूच धड करत नाहीत. पडदे ओढून बसते, कारण उजेड आला की स्क्रीनवर नुसती चकाकी येते आणि डोळे चुरचुरतात. एवढं सगळं करून मिळालं काय, तर 'समुद्र का?'

आणि ती 'वा, वा' म्हणे खोटी होती! तेव्हा तोंड भरून कौतुक आणि आता म्हणे जांभळट होतं. हे सगळं तुम्हाला मागाहून सुचलेलं आहे, मी ओळखून आहे. रंग बदलणार नाही. तुमच्या घरच्या विहीणबाईंना नमस्कार सांगा आणि म्हणावं, समुद्र नाही, गुलाबच आहे.

तुमची,
विहीण


३० नोव्हेंबर

विहीणबाई,

शेरवानी मातकट होती. आता हिला विचारून लिहितोय.

तुमच्या पत्रावर मी आठवडाभर धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून तुमची तिन्ही चित्रं पॅसेजच्या भिंतीवर ओळीने लावली. सगळ्यात आधीचं मृग नक्षत्रातलं. ते तुम्ही सुनेला आपल्या हाताने फ्रेम करून दिलं होतं, तेच तिच्या आमच्याकडच्या जुन्या खोलीतून आणलं. त्याच्यापुढे धनू राशीतलं आणि शेवटी गुलाब. पॅसेजच्या टोकाला उभा राहिलो आणि माझा राग एकदम उतरला, कारण मला भीती वाटली.

पहिलं गुलाबी आहे. अगदी जसं असावं तसं, त्याच्यावर बोट ठेवायला जागा नाही. दुसरं जांभळट. तिसरं निळं. हे रंगवणाऱ्याच्या लहरीने झालेलं नाही, विहीणबाई. कुणीतरी हळूहळू खाली उतरत गेल्यासारखं ते निळं होत गेलंय. आणि तुम्ही लिहिता, स्क्रीन पिवळा, नवा स्क्रीन पिवळा, माझे फोटो पिवळे. सगळं जग पिवळं पडलं आणि तुमचे डोळे तेवढे शाबूत, असं कसं? मला वाटतं, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरतोय. त्यातून पिवळं दिसतं, म्हणून तुम्ही निळं ओतत राहता, आणि ओतलेलं तुम्हाला दिसत नाही.

रागवा, पण पुढचं वाचा. आपल्या कामात एक रीत आहे, ती तुम्ही माझ्याहून जास्त पाळता. दर खेपेला मी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरी चादर ताणतो आणि कोऱ्या चादरीचा फोटो काढतो. तिच्यात बघण्यासारखं काही नसतं म्हणूनच काढतो. त्या फोटोत जो डाग दिसेल, कडेला जो अंधार दिसेल, तो आकाशाचा नाही, माझ्या दुर्बिणीचा. तो तुम्ही सगळ्या फोटोंमधून काढून टाकता. एकदा मी कंटाळा केला आणि चादरीचा फोटो पाठवला नाही, तर तुम्ही अख्खं कार्ड माझ्या तोंडावर परत मारलं होतं. म्हणालात, "आपल्या काचेचा दोष माहीत नसलेल्याने आकाशाबद्दल बोलू नये." बरोबर बोलला होतात.

आता तुमच्या डोळ्यांच्या काचेचा असा फोटो शेवटचा कधी काढलात, ते सांगा.

त्याच चादरीचा एक तुकडा कापून सोबत ठेवलाय. तुमच्या उत्तरेच्या उजेडात धरा. एक डोळा झाका आणि बघा, मग दुसरा झाका. एवढंच करा. बाकी मला काय हव्या त्या शिव्या द्या.

आपला,
व्याही


७ डिसेंबर

व्याहीबुवा,

वादात हरायला लागलं की माणसं समोरच्याच्या वयावर घसरतात, हे मी कारखान्यात पुष्कळ पाहिलंय. घरातही बघावं लागेल असं वाटलं नव्हतं.

पोरीचे वडील म्हणून इतके दिवस ऐकून घेतलं. आता माझ्या डोळ्यांवर आलात. माझ्याकडे दुसरं काय आहे, व्याहीबुवा? गुडघे गेले, दात गेले, नोकरी गेली. कुणी अजून माझ्याकडे येतं ते एवढ्यासाठी, की ही बाई रंगात चुकत नाही. शेजारीण पडद्याला दोरा घेऊन येते, सून साडीला ब्लाउजपीस दाखवते. तेही तुम्ही कागदावर चार ओळी लिहून काढून घेणार?

तुमच्या चादरीच्या तुकड्याने मी स्क्रीन पुसते. त्या कामाला तो बरा आहे.

नवीन कार्ड परत पाठवते आहे, त्यातल्या एकाही फोटोला हात लावलेला नाही. दुसरा कुणी रंगवणारा बघा. गुलाबाचं चित्र प्रदर्शनात जाईल, आहे त्या रंगात, माझ्या एकटीच्या नावावर. तुमचं नाव काढलंय. तुमचीच इच्छा होती.

यापुढे आपलं नातं पोरांपुरतं. नातवाच्या वाढदिवसाला या, जेवा, आणि शेवटची गाडी चुकायच्या आत निघा.

विहीण


१९ जानेवारी

विहीणबाई,

तुम्ही उत्तर दिलं नाही तरी चालेल, पण हे मला कुणाला तरी सांगितलंच पाहिजे, नाहीतर डोकं फुटेल.

मी प्रदर्शनाला जाऊन आलो. कन्या म्हणाली, तुम्ही गेला नाहीत. संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांचा त्रास होतो म्हणे. मी बसने गेलो, उभ्याने. हॉलमध्ये सगळी चित्रं झकास लावलेली, प्रत्येकावर वेगळा दिवा. आपलं कुठे दिसेना. शेवटी सापडलं, बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात, झाडू ठेवायच्या कपाटाशेजारी! तिथे मंडळाचे अध्यक्ष चार पाहुण्यांना घेऊन आलेले. चित्राकडे हनुवटी उडवून म्हणाले, "आजीबाईंची शाईची दौत उपडी झालेली दिसते." आणि सगळे हसले.

माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, "अहो साहेब, तुमच्या चित्रातले तारे अंड्यासारखे लांबट आलेत. आधी दुर्बीण सरळ फिरवायला शिका. आणि इकडे या, जवळ या. या पाकळीतले हे काळे धागे बघा. ही धूळ आहे, ताऱ्यांमधली. एवढ्या बारीक धुळीचा एकेक धागा अंधारातून ओढून काढलेला तुमच्या हॉलमधल्या एका तरी चित्रात दाखवा. ह्या बाईने दोन महिने बसून काढलाय." ते म्हणाले, "पण रंग?" मी म्हटलं, "रंगाचं आमचं आम्ही बघू. आमचं भांडण चालू आहे त्यावर."

मग खिशातलं पेन काढलं आणि खालच्या पट्टीवर तुमच्या नावाशेजारी माझं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलंय. रंग चुकलाय हे माझं मत तसूभरही बदललेलं नाही. पण त्यावरून बोलायचा हक्क माझा आहे, त्या टिकोजीरावांचा नाही.

चादरीचा तुकडा टाकला नसेल तर एकदा बघा त्याच्याकडे. रागाने बघा, पण एकेका डोळ्याने बघा.

आपला,
व्याही


११ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

परवा नातवाच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाचं बटण तुटलं. मी माझा जुना डबा काढला, पांढरं रीळ घेतलं, बटण लावलं आणि शर्ट घडी करून ठेवला. थोड्या वेळाने खोलीत गेले तर तुमची लेक पाठमोरी बसून तेच बटण उसवत होती. मला बघून दचकली. शर्ट मागे लपवायला लागली, चोरी पकडली गेल्यासारखी. मी विचारलं, "काय झालं? सैल लागलं का?" म्हणाली, "नाही आई, असंच." मी दरडावलं तेव्हा कुठे बोलली. "आई, दोरा पिवळा आहे. हळदीसारखा." आणि हे पहिल्यांदा नाही म्हणे. सहा-सात महिने ती माझं शिवलेलं उसवून पुन्हा शिवते. मुलालाही माहीत होतं.

मी, जिच्या हातून पिवळा दोरा पांढऱ्यात कधी गेला नाही!

मग तुमचा तुकडा घेतला. स्क्रीन पुसते म्हणून लिहिलं होतं ते खोटं, पाकिटातच ठेवला होता. खिडकीत धरला. डावा डोळा झाकला, तर चहा सांडून वाळल्यासारखा रंग. उजवा झाकला, तर जुन्या वर्तमानपत्रासारखा. पांढरा कुठेच नाही. रडले, हेही लिहिते, उगाच काय लपवायचं.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत चांगला पिकलाय, उजव्यात जास्त. अजून वर्षभर थांबला असतात तर काढणं अवघड गेलं असतं. आधी उजवा करायचाय, दोन आठवड्यांनी.

आता माझा राग ऐका. तो तुम्ही डोळ्यांबद्दल लिहिलंत त्याचा नाही. गेल्या वर्षी तुम्हाला जांभळट दिसलं होतं आणि तुम्ही मूग गिळून बसलात, त्याचा आहे. 'मान राखला' असं तुम्ही स्वतः लिहिलंय, वर ऐटीत. तुमची लेकही तुमच्याच वळणावर गेली. मान राखायचा म्हणून ती बटणं उसवत बसली. आणि या वर्षभरात, व्याहीबुवा, मी रोज दुपारी आपल्या नातवाचा हात धरून शाळेसमोरचा रस्ता ओलांडत होते. समोरून येणारी गाडी मला उन्हात नुसत्या चकाकीसारखी दिसायची. मी म्हणायची, काचा पुसत नाहीत मेले. त्या पोराला काही झालं असतं तर तुमचा मान कुठे ठेवला असता तुम्ही सगळ्यांनी?

अध्यक्षांना बोललात ते बरं केलंत. अजून दोन शब्द बोलायला हवे होते.

विहीण


१६ फेब्रुवारी

विहीणबाई,

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघं येतोय. नको म्हणालात तरी येणार. कन्येला तुमच्या देखत झापणार होतो, पण ही म्हणाली, आधी आरशात बघा.

व्याही


१४ मार्च

व्याहीबुवा,

तुम्ही दोघं आलात, डब्यातून भात आणलात, दवाखान्याच्या बाकावर दिवसभर बसलात, आणि त्या सगळ्या वेळात रंगाचं अवाक्षर काढलं नाहीत. आभार. आता भांडायला मोकळी झाले.

पट्टी निघाली तेव्हा आधी नर्सबाईंचा कोट दिसला. पांढरा. मी अकरातला नेमका कुठला ते सांगितलं, त्यांना वाटलं भूल उतरली नाही. घरी आले तर भिंती वेगळ्या. मुलाने नवा लावून घेतलेला रंग मी पिवळा समजून 'असला कसला निवडलास' म्हणून महिनाभर बोलत होते. तो मोतिया रंगाचा आहे. स्क्रीन दोन्ही चांगलेच होते. जुना टाकून दिला, त्याचं वाईट वाटलं.

मग गुलाब उघडला.

काय सांगू? मला स्वतःचीच इतकी चीड आली की मी स्क्रीन बंद केला आणि बाहेर जाऊन बसले. शाईची दौत म्हणाला तो माणूस, मुळात चूक नव्हता, फक्त हलकट होता. आणि तुम्ही 'समुद्र का' यावर थांबलात, म्हणजे सभ्यपणाच म्हणायचा. डावा डोळा अजून व्हायचाय. त्यामुळे सध्या माझ्याकडे एकाच गुलाबाचे दोन गुलाब आहेत. डाव्याने बघितलं की जांभळट, बराचसा चालण्यासारखा. उजव्याने बघितलं की निळाशार. इतके दिवस मी कशाला 'जाऊ दे' म्हणत होते, ते एका पापणीच्या अंतरावर दिसतं.

पण आता माझं ऐका आणि खुर्चीत बसून ऐका. उजव्या डोळ्याने मी तुमचा चादरीचा तुकडाही बघितला.

तो पांढरा नाही.

नमुन्याच्या पट्टीशी लावला, उत्तरेच्या उजेडात. पांढऱ्यात निळ्याची फिकट झाक आहे. कापडाच्या धाग्याधाग्यात बसलेली. तुमच्या घरच्या विहीणबाई पांढरे कपडे निळीत घालतात, तुम्हीच पहिल्या पत्रात लिहिलं होतंत, आणि चादरही त्याच बादलीत जाते, हो ना? दर धुण्याला थोडी थोडी चढत गेली असणार. आता विचार करा. त्या चादरीचा फोटो 'कोरा' म्हणून तुम्ही मला पाठवता. त्यात जे दिसतं ते दुर्बिणीचा दोष समजून मी सगळ्या फोटोंमधून काढून टाकते. म्हणजे तुमच्या चादरीतली नीळ मी दोष म्हणून काढत होते आणि तिच्याबरोबर आकाशातलं निळंही जात होतं. तुमचे फोटो पिवळट येतात असं मी लिहिलं होतं, आठवतं? ते माझ्या डोळ्यांमुळे नव्हतं. निदान सगळं नव्हतं. ते खरंच पिवळट येत होते!

मोतीबिंदू माझा, मान्य. पण 'आपल्या काचेचा दोष माहीत नसलेल्याने आकाशाबद्दल बोलू नये' हे वाक्य मला ऐकवताना तुमच्या हातात निळीतली चादर होती, व्याहीबुवा. अध्यक्षांच्या अंडाकृती ताऱ्यांना हसलात ना? आता आपल्यालाही हसा थोडं.

तो शर्ट आता नातू घालतो, बटणं मी पुन्हा लावली, सगळी. सून बघत होती. तिला म्हटलं, उसव, उसवायचं असेल तर. तिने कात्री डब्यात परत ठेवली आणि डोळे पुसले.

एक सांगून ठेवते. यापुढे मला मान नको. चुकलं तर त्याच दिवशी, तोंडावर, काय चुकलं ते सांगायचं. लेकीलाही सांगा. डावा डोळा पुढच्या आठवड्यात. मग कार्ड पाठवा, गुलाब मी पहिल्यापासून करते.

तुमची,
विहीण


२२ मार्च

विहीणबाई,

सप्रेम नमस्कार.

चादरीचं वाचून मी तावातावाने हिच्याकडे गेलो. म्हटलं, "तू चादरीला नीळ घालतेस आणि मला सांगत नाहीस?" ती माझ्यावर दुप्पट भडकली. "तुम्ही कधी विचारलंत? इतकी वर्षं मी ती चादर धुतेय, दुर्बिणीला बांधता की अंगावर घेता ते तरी सांगितलंत का?" मी शेडमध्ये जाऊन बसलो. तिचंही बरोबर होतं. हल्ली सगळ्यांचंच बरोबर असतं, माझं सोडून.

मान नको म्हणालात, म्हणून तोंडावर सांगतो. धनू राशीतल्या चित्रात उजव्या कोपऱ्यातले तारे तुम्ही इतके घासलेत की टाचणीच्या टोकासारखे टोचतात. वर्षभर सांगायचं होतं. आणि मृगातलं ते पहिलं चित्र मी मुलीच्या खोलीत परत नेलेलं नाही, नेणारही नाही. ते पॅसेजमध्येच राहील, आणि प्रदर्शनातून परत आणलेला निळा गुलाबही त्याच्या शेजारी राहील. उतरवा म्हणू नका. त्याच्या पट्टीवर माझं नाव आहे.

हिने यावेळी नवी चादर काढून ती साध्या पाण्यात धुतली. वाळल्यावर म्हणाली, "बघा, किती पिवळी दिसते." मला ती पांढरी वाटते. पण मला जुनीही पांढरीच वाटत होती. म्हणून फोटो अजून काढला नाही. आकाश स्वच्छ आहे, छप्पर उघडं आहे, पण मी थांबलोय. नव्या चादरीचा तुकडा पाठवतोय. डाव्याची पट्टी निघाली की दोन्ही डोळे उघडे ठेवून बघा आणि सांगा, जाऊ दे की नको.

आपला,
व्याही